इंजिन उलटे फिरत नाही

ज्ञानदेव गवारे सरांची गाडी पंधरा वर्षांची झाली आणि सरकारला एकाएकी तिची काळजी वाटू लागली. त्याआधी चौदा वर्षं अकरा महिने ती सरांना न्हावऱ्याहून वडगाव रासाईच्या शाळेत बिनबोभाट नेत-आणत होती, खड्ड्यांत आपटत होती, कांद्याच्या पिशव्या वाहत होती, तेव्हा कुणी तिला कशी आहेस म्हणून विचारलं नाही. पंधरावं वर्ष सरत आलं तसा नियम पुढे आला. गाडी तपासून घ्या, पास झाली तर आणखी पाच वर्षं चालवा, नापास झाली तर पुढचं भंगारवाला बघेल. सरांना याचा फार राग आला. त्यांचं म्हणणं असं, की त्यांना स्वतःला विज्ञान शिकवून बावीस वर्षं झाली, त्यांची अशी बॉनेट उघडून तपासणी कुणी केली नव्हती.

हे त्यांनी घरी बोलून दाखवलं. त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाईंनी भाजी चिरता चिरता "झाली असती तर?" एवढंच विचारलं, आणि सर पेपर वाचू लागले.

सुलक्षणाबाई आरोग्यसेविका. त्यांचं उपकेंद्र सरांच्या शाळेच्याच वाटेवर, आणि त्या आपल्या स्कूटरवर सरांच्या नंतर निघून सरांच्या आधी पोचत. गाडीविषयी त्यांचं मत त्यांनी लपवलं नव्हतं. "पास झाली तर ठेवा," त्या म्हणाल्या. "नाही झाली तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागं बसायचं. आणि मागं बसून सूचना द्यायच्या नाहीत."

सरांच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं. पुढे सुलक्षणाबाई, मागे आपण, मांडीवर डबा, डोक्यावर नीलमचं, म्हणजे लेकीचं, जांभळं हेल्मेट, आणि शाळेच्या फाटकात नववी ब स्वागताला उभी. यात लाजण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं असतं तर सरांना सांगता आलं नसतं, आणि सांगता येत नव्हतं म्हणून त्यांना जास्तच लाज वाटत होती. शिवाय गाडीवर त्यांचा जीव होता, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. पुस्तकात नसलेली एकच गोष्ट सर आयुष्यात शिकले होते, ती म्हणजे ही गाडी चालवणं.

अर्ज ऑनलाइन करायचा होता. गाडी घेतली तेव्हा सर मोबाइलच्या विरुद्ध होते, विद्यार्थ्यांसमोर त्याविरुद्ध भाषणंही करत, म्हणून फॉर्मवर त्यांनी मेहुण्याचा, पाटसच्या सत्यजीतचा, नंबर घातला होता. त्याचं फळ आता मिळालं. अर्जाचं प्रत्येक पान उघडलं की ओटीपी पाटसला जाई.

"दाजी, ओटीपी आलाय," सत्यजीत फोनवर म्हणे. "देतो. पण आधी माझं जरा ऐका."

ओटीपी दहा मिनिटं चाले आणि सत्यजीतचं ऐकायला बारा लागत. जुनी गाडी म्हणजे घरात पाळलेलं दुखणं, भंगारात दिलेली बरी, त्याच्या ओळखीचा माणूस आहे, हे सगळं सांगून झाल्यावर तो नंबर वाचून दाखवी, तोवर पडद्यावर लाल अक्षरं आलेली असत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा सुलक्षणाबाईंनी फोन घेतला. बहिणीला त्याने चार सेकंदांत ओटीपी दिला. मेहुणा या प्राण्याविषयी सर त्यावर बरंच काही बोलले, पण स्वयंपाकघराचं दार लावून.

शिरूरच्या तारखा भरल्या होत्या. मिळाली ती दौंडच्या तपासणी कॅम्पची, गुरुवार, सकाळी अकरा.

परीक्षेआधी उजळणी असावी म्हणून सरांनी मंगळवारी संध्याकाळी बिरदेवला घरी बोलावलं. बिरदेवचं न्हावरे फाट्यावर गॅरेज होतं आणि तो सरांचा विद्यार्थी. त्या भागात सरांचा विद्यार्थी नसलेला माणूस सापडणं अवघडच होतं. बिरदेवने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या बाजूचं एक झाकण काढलं, आत बॅटरीचा उजेड पाडला आणि जीभ टाळ्याला लावून च् केलं. डॉक्टर, मेकॅनिक आणि मुलीकडची माणसं अशी च् करतात तेव्हा पुढचं ऐकायला बसून घ्यावं, पण सर उभेच राहिले.

"सर, टायमिंग बेल्टला भेगा पडल्यात. दौंडपातुर जाईल का न्हाई सांगता येत न्हाई. वाटंत तुटला तर इंजिन गेलं."

"म्हणजे बंद पडेल?"

"बंद पडलं तर चालू करता येतं. ह्ये जाईल."

शेजारचे आनंदराव आप्पा तोवर कुंपणावरून आत आले होते. आप्पांनी साखर कारखान्यात एकतीस वर्षं ऊस पिळणाऱ्या मिलवर फिटर म्हणून काढली होती, आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या कुठल्याही घरात पाना वाजला की ते हजर होत. बिरदेवने त्यांना समजावलं, की इंजिनात खालून दट्ट्या वर येतो आणि वरून वॉल्व्ह खाली येतात, दोघांनी एकमेकांना चुकवायचं असतं, आणि ते चुकवणं हा दातेरी पट्टा सांभाळतो.

"म्हंजी दोघी बाया एका उखळात कांडतात तसं," आप्पा म्हणाले. "ताल चुकला की मुसळावर मुसळ."

"तसंच आप्पा. आता हितनं गाडी हलवू नका सर. उद्या मीच येतो."

सरांना आप्पांची उपमा आपल्या फळ्यावरच्या आकृतीपेक्षा बरी वाटली, आणि म्हणून आवडली नाही.

बुधवारी सरांनी किरकोळ रजा टाकली. गाडी घरापुढच्या गल्लीतच उभी होती, कारण अंगणात स्कूटर आणि पाण्याची टाकी. बिरदेवने पुढचं चाक काढलं, गाडी टॉप गियरमध्ये टाकली, सरांना आत बसवून ब्रेक दाबायला लावला, आणि लांब पाइप घालून खालच्या पुलीचा बोल्ट सोडवला. गियर कशासाठी, असं सरांनी विचारलं नाही. विचारणं हे विद्यार्थ्याचं काम, असं ते मानत.

मग बिरदेवने जुना पट्टा काढायच्या आधी पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवायला घेतलं. पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आणायची होती. खूण आली, आणि बोटभर पुढे गेली.

"घे की जरा मागं," आप्पा म्हणाले.

"न्हाई आप्पा. खूण चुकली तर मागं यायचं न्हाई. पुढनंच अजून दोन चकरा मारायच्या. खूण परत येती."

आप्पांना हे अपमानास्पद वाटलं. मिलच्या रोलरमध्ये उसाची मोळी अडकली की ते एकतीस वर्षं रोलर अर्धा फेरा उलटा फिरवून ती सोडवत आले होते. "आरं, एवढा मोठा रोलर उलटा फिरवला म्या! तुझं ह्ये डबडं काय घिऊन बसलास?"

"रोलर उलटा चालतो. ह्ये न्हाई चालत. पट्टा सैल पडतो आन् दात सोडतो."

बिरदेवने दोन चकरा मारल्या. खूण परत आली. नवा पट्टा चढला, त्यावर आणि पुलींवर त्याने पांढऱ्या मार्करने ठिपके समोरासमोर दिले. तेवढ्यात त्याला दिसलं, की पट्टा ताणून धरणारी कप्पी डुगडुगतेय. तीही नवी टाकायला हवी होती, आणि ती मिळणार होती शिरूरला. शिवाय फाट्यावर कुणाचा तरी टेम्पो जॅकसाठी अडला होता आणि बिरदेवकडे जॅक एकच. त्याने सरांचं चाक परत बसवलं, जॅक काढला, झाकणं उघडीच ठेवली.

"हँडब्रेक धरत न्हाई, म्हणून गाडी गियरमधीच ठिवतो. सर, गियरला हात लावायचा न्हाई. चावीला लावायचा न्हाई. आन् एकच ध्यानात ठिवा, इंजिन उलटं फिरता कामा नये."

सर हसले. "इंजिन उलटं फिरतच नसतं, बिरदेव."

बिरदेवने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारली.

त्या पाहण्यामुळे सरांना काहीतरी आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं, असं वाटलं. फळ्यावर चार आकृत्या. शोषण, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन. शेवटच्या बाकावरून एक काळासावळा पोरगा उभा राहिला होता. "सर, इंजिन उलटं फिरलं तर काय हुईल?" वर्ग हसला होता. सरांना उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगायची पद्धत शाळेत नव्हती. "इंजिन उलटे फिरत नाही. बस खाली," ते म्हणाले होते. "आणि हे वाक्य शंभर वेळा लिहून आण." पोरगा बिरदेवच होता. तो हे विसरला असेल, असं सरांनी स्वतःला सांगितलं. शंभर वेळा लिहिलेली गोष्ट माणूस विसरत नाही, म्हणून तर ती लिहायला लावतात, हेही त्यांना माहीत होतं.

साडेबाराला गल्लीच्या तोंडाला ट्रॅक्टर आला. मेन रोड पाइपलाइनसाठी खणला होता म्हणून उसाची वाहतूक दोन दिवस गल्लीतून चालली होती. ट्रॅक्टरच्या मागे एक ट्रॉली, तिच्या मागे दुसरी, दोन्हींवर घरावर घर चढवल्यासारखा ऊस. आणि वर म्हाळू बसला होता. हाही विद्यार्थीच, सन दोन हजार अकराची बॅच.

"सर, गाडी जरा मागं घ्या. कोपऱ्यावर निघतो म्या बाजूनं."

"गाडी हलवायची नाहीये, म्हाळू. तूच मागे घे आणि खालच्या गल्लीने जा."

म्हाळू कळवळला. "सर, दोन ट्रॉल्या हायत. एक असती तर घेतली असती. दोन असल्या की मागं जातच न्हाई, दुमती हुतात. कुणालाबी इचारा."

कुणालाही विचारायची गरज पडली नाही, कारण सगळे आपणहून सांगायला आले. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे जात नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अशा रीतीने गल्लीत दोन वाहनं समोरासमोर उभी राहिली, एक मागे जाऊ शकत नव्हतं आणि दुसऱ्याला मागे जायची बंदी होती. पंधरा मिनिटांत मागे तिसरा ट्रॅक्टर लागला. ऊस वाळतोय, कारखान्यावरचा नंबर जातोय, अशी ओरड सुरू झाली. पलीकडच्या वच्छलाबाई दारात येऊन म्हणाल्या, की सरांनी गाडी घेतली त्या दिवशीच त्यांना हे कळलं होतं. काय कळलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"ढकलू की," आप्पा म्हणाले. "सात-आठ फुटांचा तर परश्न हाय."

सरांनी मनातल्या मनात बिरदेवच्या सूचना तपासल्या. गियरला हात लावायचा नाही. चावीला लावायचा नाही. ढकलायचं नाही, असं तो कुठेही म्हणाला नव्हता. प्रश्नपत्रिकेतल्या सूचना शब्दशः पाळाव्यात, हे सर आयुष्यभर सांगत आले होते, आणि आता त्यांनी त्या तशाच पाळल्या. गियरला त्यांनी बोटही लावलं नाही.

आठ जण पुढून लागले. स्वतः सर मधोमध, वर केलेल्या बॉनेटखाली, इंजिनासमोर. "हां, जोर लावा!" आप्पा ओरडले. गाडी हलेना. "गाडी आकडली," कुणी म्हणालं. "आरं, नेट लावा की!" आठ जणांनी नेट लावला. गाडी गचकन एक हात मागे गेली, थांबली, पुन्हा गचकन एक हात गेली. दर गचक्याला आतून ढेकर दिल्यासारखा आवाज येई.

आणि त्याच वेळी सरांची नजर उघड्या पट्ट्यावर गेली. पट्टा फिरत होता. पांढरे ठिपके फिरत होते. सकाळी बिरदेव ज्या बाजूला फिरवत होता त्याच्या अगदी विरुद्ध बाजूला, आठ माणसांच्या ताकदीने, त्यांच्या नाकासमोर, वर्गात शंभर वेळा लिहायला लावलेलं वाक्य खोटं पाडत इंजिन उलटं फिरत होतं.

"थांबा!" सर किंचाळले.

"झालंच सर, हातभर ऱ्हायलं," म्हणून लोकांनी उरलेला हातभरही उरकून टाकला.

म्हाळूच्या ट्रॉल्या वाजत-गाजत गेल्या. जाताना तो "उपकार झालं सर" म्हणाला. सर मडगार्ड धरून उभे होते. गाडी गियरमध्ये असली की चाकं इंजिनाला फिरवतात, हे त्यांना आता सुचलं. पुढे ढकलून गाडी चालू करतात ती याच तत्त्वावर, हेही सुचलं. सगळं शास्त्र त्यांना सुचत होतं, फक्त दहा मिनिटं उशिरा.

पण हार मानतील ते सर कसले! त्यांनी खिशातून खडू काढला. रजेच्या दिवशीही त्यांच्या खिशात खडू असे. चाक आता जिथे होतं तिथे रस्त्यावर रेघ मारली, आधी जिथे होतं तिथे तेलाच्या डागावरून दुसरी मारली, आणि घरातून पट्टी आणून अंतर मोजलं. सात फूट चार इंच.

"काय करताय?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, वस्तू जेवढी मागे गेली तेवढीच पुढे आणली तर विस्थापन शून्य. म्हणजे काहीच झालं नाही."

"काहीच झालं न्हाई?"

"शास्त्राच्या दृष्टीने नाही."

आप्पांना हे पटलं. मिलवरही ते असंच करत. आठ जणांना परत बोलावण्यात आलं. त्यातल्या तिघांनी आधीच हात धुतले होते, ते कुरकुरत आले. गाडी गचके खात सात फूट चार इंच पुढे आणली, चाक बरोबर रेघेवर. सरांनी समाधानाने श्वास सोडला आणि आत वाकून पाहिलं.

खालच्या पुलीवरचा ठिपका नेमका जागेवर येऊन थांबला होता. वरच्या पुलीवरचा समोर नव्हता. सरांनी चष्मा पुसून दात मोजले. दोन दात इकडे. परत मोजले. दोनच. विस्थापन शून्य होतं, गाडी रेघेवर होती, शास्त्रात काही चूक नव्हती, आणि पट्टा मधल्या मधे दोन दात सोडून निवांत बसला होता.

सुलक्षणाबाई दुपारी जेवायला आल्या. रस्त्यावर खडूच्या रेघा, रेघेवर गाडी, पायरीवर नवरा, असं सगळं त्यांनी पाहिलं. "नीलमचं हेल्मेट धुऊन ठेवते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

चारला बिरदेव परत आला. नवी कप्पी बसवायला त्याला वीस मिनिटं लागली. त्याने वरून नजर टाकली, खालच्या पुलीची खूण जागेवर दिसली, आणि आपण सकाळी स्वतःच सगळं जुळवलंय म्हणून वरचा ठिपका बघायला तो वाकला नाही. आप्पा तोंडात तंबाखू धरून गप्प होते. वच्छलाबाई दारात होत्या. सगळी गल्ली गप्प होती, आणि सगळी गल्ली सरांकडे बघत होती. सरांनी सांगायचं, हे न बोलता ठरलं होतं. गावात दुसऱ्याचं सांगायला लोक एरवी वाट बघत नाहीत, पण मान राखायचा म्हटला की असा जीवघेणा राखतात.

सर सांगणार होतेच. फक्त योग्य शब्द शोधत होते. "बिरदेव, तांत्रिकदृष्ट्या बघता," असं त्यांनी दोनदा सुरू केलं, दोनदा बिरदेव "जरा ती बॅटरी धरा सर" म्हणाला, आणि दोनदा त्यांनी धरली. कदाचित दोन दातांनी काही होत नसेल. कदाचित ठिपकेच चुकीचे असतील. माणूस लाजेखातर किती शास्त्रीय विचार करू शकतो, हे सरांना त्या वीस मिनिटांत कळलं.

बिरदेव हात पुसून आत बसला. गाडी न्यूट्रल केली. "चला, मारू का चावी?"

चावी फिरली की मुसळावर मुसळ. उद्या अकराला दौंडऐवजी सत्यजीतच्या ओळखीचा माणूस. पंधरा वर्षं. सरांनी खिडकीतून हात घालून बिरदेवचं मनगट धरलं.

"इंजिन उलटं फिरलं, बिरदेव."

गल्लीने श्वास सोडला. आप्पा लगबगीने तंबाखू थुंकायला गेले.

बिरदेवने चावी काढली. कपाळावरचा घाम पुसला. मग समोर बघत, अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाला, "सर, इंजिन उलटे फिरत नाही."

उतरून बिरदेवने वरचा ठिपका बघितला, दात मोजले, आणि आठ माणसं, सात फूट चार इंच आणि विस्थापन शून्य हे सगळं ऐकून घेतलं. विस्थापनाला तो हसला, पण तोंड फिरवून. "हातानं फिरलं म्हणून वाचलं, सर. चावी मारली असती तर वॉल्व्ह वाकलं असतं. कुणाला कळलंबी नसतं कुणामुळं."

त्याने चाक परत काढलं, पट्टा उतरवला, सगळं पहिल्यापासून जुळवलं. पाना लावून हाताने इंजिनाला पुढच्याच बाजूने दोन चकरा मारल्या. ठिपके समोरासमोर येऊन थांबले. मग चावी मारली, आणि गाडी अशी सुरू झाली की जणू दुपारी काही झालंच नव्हतं.

मजुरीचं विचारलं तेव्हा बिरदेवने ठरलेला आकडा सांगितला, आणि खिशातून तो पांढरा मार्कर काढून सरांपुढे धरला. "आन् ह्ये. बॉनेटच्या आतनं लिवा सर, काय झालं ते. शंभरदा नको. एकदाच."

सरांनी मार्कर घेतला. बॉनेटच्या आतल्या काळ्या पत्र्यावर, आपल्या सुप्रसिद्ध वळणदार अक्षरात, त्यांनी लिहिलं: इंजिन उलटे फिरते.

गुरुवारी ते चौफुल्यावरून दौंडला निघाले ते पहिल्यांदाच हलक्या मनाने. कॅम्पचं फाटक बोलता बोलता मागे गेलं. बाजूला सुलक्षणाबाई होत्या. "जरा मागं घ्या की," त्या म्हणाल्या. रिव्हर्स गियरमध्ये इंजिन सरळच फिरतं, हे सरांना ठाऊक होतं. तरी त्यांनी रिव्हर्सला हात लावला नाही. पुढून बाजारपेठेला वळसा घालून ते परत आले, आणि फाटकात बैलगाडी आडवी आली म्हणून आणखी एकदा गेले. दोन चकरांनी फाटक बरोबर समोर आलं. सुलक्षणाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

इन्स्पेक्टर साहेब तरुण आणि टापटीप होते. दिवे, हॉर्न, टायर, ब्रेक, धूर, सगळं झालं. हँडब्रेकही बिरदेवने रात्रीच्या आत आवळून दिला होता. शेवटी इंजिन नंबर बघायला साहेबांनी बॉनेट वर केलं, आणि वरच बघत राहिले.

"हे काय लिहिलंय?"

"ते... खाजगी आहे," सर म्हणाले.

"खाजगी कसं? तुम्ही वाहनावर लेखी दिलंय, की इंजिन उलटं फिरतं. मी याला पास कसं करू?"

"अहो, फिरवलं तर फिरतं."

"कोण फिरवतं?"

"गल्लीतले लोक."

"रोज?"

सर समजावू लागले. समजावणं हा त्यांचा पेशा होता. बेल्टपासून सुरुवात करून ते दोन ट्रॉल्यांपर्यंत आले तेव्हा मागच्या रांगेत सात गाड्यांचे हॉर्न वाजत होते. साहेबांनी हात वर केला. "ते पुसा. पुसलं की मी सही करतो. सोपं आहे."

सोपंच होतं. सुलक्षणाबाईंनी फडकंही काढून दिलं. पुसणं सरांना नवं नव्हतं, रोज सहा तास ते तेच करत. त्यांनी फडकं हातात घेतलं, बॉनेटखाली वाकले, आणि तसेच राहिले. जांभळं हेल्मेट डोळ्यांसमोर आलं. नववी ब आली. तरी त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"पुसणार नाही," ते म्हणाले. आपलाच आवाज ऐकून ते दचकले.

"अहो!" सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"मग मी काय करू?" साहेबही वैतागले होते. "हा दोषाचा शेरा आहे. दोषाचा शेरा असलेलं वाहन मी पास करू शकत नाही."

सर क्षणभर विचारात पडले. मग बावीस वर्षं सरकारी परिपत्रकं वाचलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप निघालं, "आणि सूचना असेल तर?"

"सूचना?"

"सूचना लिहायला हरकत असते का?"

साहेबांनी विचार केला. ट्रकवर अंतर ठेवा लिहितात, टँकरवर ज्वालाग्राही लिहितात. "सूचनेला हरकत नाही," ते सावकाश म्हणाले.

झाडाखाली एक पेंटर गाड्यांचे नंबर रंगवत बसला होता. सरांनी त्याचा ब्रश मागून आणला आणि त्याच ओळीखाली दुसरी घातली: म्हणून ते कोणीही फिरवू नये.

"खाली नाव आणि हुद्दा," साहेब म्हणाले. सरांनी तेही घातलं. ज्ञा. ब. गवारे, विज्ञान शिक्षक. साहेबांनी पूर्ण मजकूर एकदा वाचला, "आता बरोबर आहे," म्हणाले, आणि सही केली.

परतीच्या वाटेवर सरांनी त्या मजकुराचा फोटो बिरदेवला पाठवला. तासाभराने उत्तर आलं: सर, एक झालं. नव्व्याण्णव राहिली.

त्याने गंमत केली होती. पुढे हसरे चेहरेही होते.

रविवारी दुपारी सुलक्षणाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा सर टेबलाशी मान घालून लिहीत होते. "पेपर तपासताय?" त्यांनी विचारलं. सर नाही म्हणाले. त्यांनी खांद्यावरून वाकून वही बघितली. पानभर एकच ओळ होती, खालपर्यंत. त्यांनी कप वहीशेजारी ठेवला. मग म्हणाल्या, "खाली खाली अक्षर बिघडत चाललंय. चहा घ्या आधी."

सोमवारी शाळेत जाताना सरांनी फाट्यावर गाडी थांबवली, ती न्यूट्रल आहे ना ते दोनदा बघितलं, आणि वही बिरदेवच्या हातात दिली. बिरदेवचे हात ग्रीसने भरलेले होते. त्याने ते पँटला पुसले, वही उघडली, आणि त्याचं हसू हळूहळू गेलं. तो मोजत राहिला, ओठ हलवत, बोटाने एकेक ओळ खाली जात.

"सर, एकशे एक हायत. एक जादा झाली."

"शंभर इंजिनाच्या," सर म्हणाले. "एक, मी तुला बस खाली म्हणालो होतो, त्याची."

बिरदेवने वही मिटली. गॅरेजमध्ये एकच स्टूल होतं, त्यावर पाने पडले होते. त्याने ते उचलून खाली ठेवले, स्टूल फडक्याने स्वच्छ पुसलं आणि सरांपुढे सरकवलं.

"बसा, सर," तो म्हणाला.